मागची सीट

खिंडीच्या शेवटच्या वळणावर गाडीनं पुन्हा मान टाकली.

खोकणं नाही, धूर नाही, झटका नाही. चालता चालता कुणी बोलणं अर्धवट सोडून गप्प व्हावं, तशी ती बंद झाली. किशोरनं दोन्ही ब्रेक आवळले, पाय खाली टेकले, तरी गाडी चढावरनं इंच इंच मागं सरकायला लागली. संध्यानं डब्याची पिशवी छातीशी धरून खाली उडी मारली आणि रस्त्याकडेचा धोंडा पायानंच मागच्या चाकाखाली सारला. आता तिला हे न बघता जमायचं.

"आधी उजेड गेला," ती म्हणाली. "धुक्यावर उजेड पडला होता ना पुढं, तो आधी गेला. मग गाडी."

"उजेड काय घेऊन बसलीस? पेट्रोलात पानी हाय." किशोरनं टाकी कानाशी हलवावी तशी गाडी हलवून पाहिली. आत पेट्रोल खळखळलं. त्यानं एक किक मारली आणि गाडी लगेच सुरू झाली. काही झालंच नाही अशी, मोठ्या तोऱ्यात.

किशोरनं मान वळवून बायकोकडं पाहिलं. 

संध्यानं माथ्यापर्यंत चालून यायचं, तिथनं उतारावर बसायचं, असं ठरून गेलं होतं. ती चढ चढली. कंपनीची निळी साडी तिनं गुडघ्याच्या वर खोचली होती आणि दवानं भिजलेल्या गवताची कुसळं पायांना चिकटत होती. माथ्यावर ती मागं बसली, गाडी उताराला लागली. घोटीचे पत्रे दिसायला लागले तेव्हा हायवेवर कंपनीची पांढरी बस निघालेलीही दिसली. किशोरनं हॉर्न वाजवला. चांगला मोठा वाजला. पण बस गोंद्याच्या दिशेनं गेली ती गेलीच.

"आजबी गेली," संध्या म्हणाली.

"मला दिसतंय ना," किशोर म्हणाला.

गोंद्याच्या त्या कंपनीत संध्या नवरात्रात लागली होती. औषधाच्या बाटल्यांना लागणारी झाकणं तिथं तयार व्हायची. पट्ट्यावरनं झाकणं वाहत यायची, वाकडं, चिरलेलं झाकण दिसलं की उचलून बाजूला टाकायचं. संध्याचं बोट झाकणावर पडायचं ते चुकायचं नाही. दिवाळीनंतर कंत्राटातल्या काही बायांना कायम करणार होते आणि लाइनीवरच्या सुपरवायझर उज्वला मॅडमनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "संध्या, तू फक्त खाडे करू नको. बाकी मी बघते."

आणि इकडं ही गाडी.

वाडीतनं सकाळी घोटीला जायला दुसरं काही नव्हतं. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलायची नाही आणि ती भरेपर्यंत ऊन अंगणात यायचं. म्हणून संध्या अर्ध्या रस्त्यातनं परत आली की कंपनीची साडी सोडायची, जुनी नेसायची, विळा घ्यायचा आणि खाचरात उतरायचं. भाताची सोंगणी ऐन भरात आली होती. वरनं ढग रोज येऊन बघून जात होते. पिकलेलं भात पावसानं आडवं झालं तर पुढं हाती काही लागलं नसतं, म्हणून घरटी माणूस वाकलेला होता.

तानुबाई, म्हणजे संध्याची सासू, खाचराच्या मध्यावर होती. कंबरेत वाकली की ती दुपारच्या भाकरीपर्यंत सरळ होत नसे. सुनेच्या पावलांची चाहूल लागली तशी ती न वळताच म्हणाली, "आली का परत?"

"बस गेली."

"गाडी परत मेली?"

"हं."

तानुबाईनं मुठीतलं भात सर्रकन कापलं. "पोरगा एकटा जातो तवा नाय मरत ती," ती म्हणाली. "काल घोटीहून युरियाची चौकशी करून आला, रस्त्यात कुठं थांबली नाय. परवा मामाकडं जाऊन आला. लोन्यासारखी पळाली म्हने."

संध्यानं सासूच्या शेजारची पात धरली. भाताच्या धारदार पातीनं बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडलेल्या होत्या, त्या घामानं झोंबायला लागल्या. याच बोटांनी उद्या झाकणं उचलायची होती, उद्या बस मिळाली तर.

*

कुंदनचं गॅरेज घोटीच्या बाजारपेठेच्या टोकाला, रस्त्याला लागून होतं. बाजाराच्या दिवशी किशोरनं गाडी तिथं लावली. संध्याही बरोबर होती. खिंडीत नेहमीसारखी उतरून, चालून, परत बसून ती आली होती.

"काय होतंय किशोरभाऊ?" कुंदननं हात पुसत विचारलं.

"चालता चालता बंद पडती. परत किक मारली की सुरू."

"पिकअप पडतो का आधी?"

"पिकअप..." किशोर विचारात पडला.

"पडत नाय," संध्या म्हणाली. "एकदम जाती. आन् पुढचा दिवा आधी विझतो. इंडिकेटर लावलं असलं तर तेबी जातं. समदंच जातं."

कुंदननं तिच्याकडं पाहून मान डोलावली आणि किशोरला म्हणाला, "कचरा असंल कार्बोरेटरमधी. चढावर पेट्रोल पुरत नाय."

"दिवा पेट्रोलवर चालतो का?" संध्यानं विचारलं.

"वहिनी, इंजिन बंद झालं की दिवा जातोच ना."

"आधी जातो म्हनते मी."

"तेवढ्यात कुठं कळतंय आधी का मागून," कुंदन हसला. किशोरही हसला. संध्या बाकड्यावर जाऊन बसली. तिथं बसून तिनं कार्बोरेटर उघडलेला, हवा मारून साफ केलेला, जुना प्लग काढून नवा घातलेला, असं सगळं पाहिलं. बाजारातली वांगी तिच्या पिशवीत मऊ पडत चालली होती. मग कुंदन स्वतः गाडीवर बसला, पेठेतनं हायवेपर्यंत आणि तिथनं टाकेदच्या रस्त्यानं लांबवर जाऊन आला. येताना त्यानं दोन्ही हात हँडलवरनं सोडून दाखवले.

"मक्खन," तो म्हणाला. "आता काय डोकेदुखी नाय."

परत जाताना खिंडीच्या अलीकडच्या खड्ड्यात चाक आदळलं आणि मक्खन बंद पडलं.

किशोरनं हेल्मेट काढून रस्त्यावर आपटलं. ते घरंगळत जाऊन गटारात पडलं, ते त्यानं परत उचलून आणलं, पुसलं आणि डोक्यात घातलं. संध्याला हसू आलं होतं. त्याचं तोंड बघून तिनं ते गिळलं.

पुढं हेच चाललं. संध्या बसली की गाडी कधी खिंडीत, कधी ओढ्याच्या फरशीवर, कधी सरपंचाच्या दारातल्या गतिरोधकावर मान टाकायची. गाडी गॅरेजला नेली की तिथं ती शहाण्या पोरासारखी वागायची. कुंदननं पेट्रोलचा कॉक बदलला. टाकीचं झाकण बदललं. किल्लीच्या लॉकमध्ये तेल सोडलं. काहीतरी करायचं म्हणून चेन घट्ट केली. दर खेपेला किशोर एकटा गाडी घेऊन जायचा, एकटा घेऊन यायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "झाली बरी." आणि दुसऱ्या दिवशी संध्या मागं बसायची.

एका सकाळी उज्वला मॅडमचा फोन आला. "संध्या, आज पण?" एवढंच त्या म्हणाल्या. संध्या तेव्हा खिंडीत धोंड्यावर बसलेली होती. समोर किशोर किक मारत नव्हता, गाडीला शिव्या देत होता, कारण या खेपेला संध्या उतरल्यावरही गाडी सुरू झाली नव्हती. मग त्यानं रागानं सीटवर बुक्की मारली, परत किक मारली आणि ती सुरू झाली.

*

तानुबाईनं हँडलला लिंबू-मिरची बांधली. बिब्बाही ओवला. चाकासमोर नारळ फोडला, त्याचं पाणी टायरवर शिंपडलं आणि खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना दिला, संध्यालाही दिला. संध्यानं तो खाल्ला. नारळानं गाडी सुरू राहणार असली तर तिची काही हरकत नव्हती.

हरकत पुढं आली. त्याच दुपारी पाण्याच्या टाकीवर शेजारची रंगूबाई तिला म्हणाली, "तानुबाई सांगत होती, तू बसली की गाडी मरती म्हने. खरं का गं?"

संध्याच्या हातातली कळशी भरून वाहायला लागली होती. तिनं तोटी बंद केली. "काय सांगत होत्या?"

"काय नाय बाई. पायगुन म्हनत होती. म्हनली, घरातनं पाय भायेर टाकला तवापासून सुरू झालं. मी म्हनलं, असं काय नसतं." रंगूबाईनं आपली घागर डोक्यावर घेतली. "पन गाडी एकट्याच्यानं चालती म्हनं, तेबी खरंच."

ते खरंच होतं, हाच सगळा वैताग होता. खोटं असतं तर संध्या भांडली असती. पण ती बसली की बंद पडत होती आणि ती उतरली की चालू होत होती, हे तिनं स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं आपली पावलं एकदा खाली वाकून पाहिलीसुद्धा. टाचांना चिखल लागला होता, भेगा पडल्या होत्या. त्यात काय दिसणार?

संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापताना तिनं किशोरला सांगितलं. म्हणजे, ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, कारण तानुबाई ओट्यावरच होती.

"गावभर झालंय, मी बसली की गाडी मरती म्हनून."

किशोर ताटात बोट फिरवत राहिला. "लोकांचं काय."

"लोकांनी कुठनं ऐकलं?"

"मी काय खोटं बोलले?" तानुबाई ओट्यावरनं म्हणाली. "सांग ना रे, खोटं हाय का?"

संध्यानं किशोरच्या तोंडाकडं पाहिलं. तव्यावरची भाकरी फुगली, वाफ सुटली, करपायला लागली.

"असं कर," किशोर म्हणाला, "थोडे दिवस जीपनं जा. अमावास्या होऊ दे. मग बघू."

"जीपनं गेल्यावर बस मिळंल का?"

"मग नको जाऊ थोडे दिवस. इथंबी काम हायच ना. झोडनी करायची."

संध्यानं करपलेली भाकरी त्याच्या ताटात टाकली.

*

कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी खळ्यावर झोडणी होती. खळं घरामागंच होतं, शेणानं सारवून घट्ट केलेलं. मधे लाकडी फळी आडवी ठेवली होती आणि भाताची पेंढी तिच्यावर आपटली की दाणे पावसासारखे उडत. शेजारचा धनराज आणि त्याची बायको मदतीला आले होते. उद्या यांनी त्यांच्याकडं जायचं होतं. संध्याची पोरगी निकिता पेंढ्याच्या ढिगात शिरून शिंकत होती. भाताचं कूस सगळ्यांच्या मानेला, काखेला लागत होतं आणि घामावर खाजत होतं.

गाडी खळ्याच्या कडेला, आंब्याखाली उभी होती. हँडलवरचं लिंबू वाळून काळं पडलं होतं.

दुपारच्या भाकरीनंतर धनराजनं सहज विचारलं, "वहिनी, उद्या कंपनीत जायचं ना?"

संध्यानं उत्तर द्यायच्या आत तानुबाई म्हणाली, "कशी जाती? ती बसली की गाडी मरती. आता अमावास्येपर्यंत नाय जायची."

धनराजची बायको तोंडाला पदर लावून हसली. वाईट मनानं नव्हे. हसण्यासारखंच होतं ते. किशोर पाण्याचा तांब्या तोंडाला लावून वर बघत पीत बसला. पाणी संपलं तरी तो तांब्या खाली आणेना.

संध्या उठली. झोडलेल्या भातानं भरून शिवलेलं एक पोतं भिंतीला टेकून उभं होतं. तिनं त्याला मिठी घातली, पोटावर घेतलं, आणि पाय फाकत, डुलत ते गाडीपर्यंत नेलं.

"काय करती?" किशोर उठला. "अगं, लचकल पाठ."

"धरा खालनं."

"कशाला?"

"धरा म्हनते ना!"

तिचा आवाज एवढा चढला की निकिता पेंढ्यातनं डोकं वर काढून बघायला लागली. किशोरनं पोतं खालनं धरलं. दोघांनी ते मागच्या सीटवर आडवं टाकलं. संध्यानं सुंभानं ते आवळून बांधलं.

"आता बसा. खळ्याला चक्कर मारा. तिकडं पाटाच्या खाचेतनं न्या."

"वेड लागलं का तुला?"

"लागलं. बसा."

सगळे बघत होते म्हणून किशोर बसला. किक मारली. गाडी सुरू झाली, खळ्याच्या कडेनं सरळ गेली, वळली. पाटाची खाच आली तसं पुढचं चाक खाली गेलं, मग मागचं धप्पदिशी आदळलं, आणि गाडी बंद पडली.

आंब्यावरचा एक कावळा उडाला, तेवढाच आवाज झाला.

"आता?" संध्या म्हणाली. ती खळ्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या केसांत पेंढ्याच्या काड्या होत्या. "पोत्याचाबी पायगुन का?"

धनराज मोठ्यानं हसला. किशोर गाडीवर बसूनच राहिला.

तानुबाई मात्र हलली नाही. तिनं मिसरीचं बोट दातांवरनं फिरवलं, थुंकली आणि म्हणाली, "पोतं भरलंय कुनी? तूच ना?"

संध्याला रडायला येतंय का हसायला, कळेना. मग तिनं जाऊन सुंभाची गाठ सोडली, पोतं खाली लोटून दिलं आणि सीटवरचं कूस पदरानं झटकलं.

"आत्याबाई, तुमी बसा."

"मी?"

"तुमचे पाय तर चांगले हायेत ना? बसा."

"मला नाय येत गाडीवर बसता. गुडघं दुखत्यात."

"मावशी, बसा की," धनराज म्हणाला. "एकदाचं कळू द्या." त्याच्या बायकोनंही दुजोरा दिला. तानुबाईनं लेकाकडं पाहिलं. लेक हँडलकडं बघत होता. शेवटी ती उठली, लुगड्याचा काष्टा नीट केला आणि धनराजच्या बायकोच्या खांद्याला धरून एका बाजूला पाय सोडून बसली. बसल्यावर मात्र तिनं मान ताठ केली, देवळाच्या पालखीत बसल्यासारखी.

"हळू ने रे."

किशोरनं हळू नेली. इतकी हळू, की बाजूनं चालणारी कोंबडी पुढं गेली. सरळ रस्त्यावर काही झालं नाही. तानुबाईच्या तोंडावर समाधान पसरायला लागलं. खाच आली. पुढचं चाक गेलं, मागचं चाक गेलं, तानुबाई "आई गं" म्हणत उचलली गेली आणि परत धपकन सीटवर आली.

गाडी बंद.

कोणी हसलं नाही. धनराज उगाच पेंढ्या उचलायला लागला. तानुबाई मागं बसूनच होती. तिला एकटीला उतरता येत नव्हतं. संध्या गेली, सासूचा हात धरला आणि तिला उतरवून घेतलं.

"घानेरडी गाडी," तानुबाई पुटपुटली आणि घराकडं गेली.

*

"सीट काढा," संध्या म्हणाली.

किशोरनं पाना आणला. बाजूचे बोल्ट सोडले आणि सीट उचलून आंब्याला टेकवली. खाली धूळ, भाताचं कूस, उंदरानं आणून टाकलेली शेंगांची टरफलं आणि वायरींचा गुंता होता. संध्या उकिडवी बसून बघत राहिली. वायरीतलं तिला काही कळत नव्हतं. पण वाकडं, चिरलेलं दिसलं की बोट तिथं पडायची सवय हाताला लागली होती.

"ही बघा."

बॅटरीकडनं निघालेली जाड लाल वायर एका ठिकाणी चपटी झाली होती. वरचं कातडं फाटलं नव्हतं, नुसतं दबून पांढुरकं पडलं होतं. किशोरनं सीट उलटी करून पाहिली. सीटच्या पत्र्याखाली चार कोपऱ्यांना चार रबरं असायची, त्यातली मागची दोन नव्हतीच. पत्र्याची कड तिथं घासून चकाकत होती.

"दसऱ्याला सीटचं कव्हर बदललं तवा त्यानं बसवलीच नाय परत," किशोर हळूच म्हणाला. "मागं वजन पडलं की पत्रा हिच्यावर बसतो."

"किल्ली लावा."

त्यानं किल्ली फिरवली. मीटरमधला हिरवा दिवा लागला. संध्यानं अंगठ्यानं त्या चपट्या जागी दाबलं. दिवा गेला. अंगठा उचलला, दिवा आला. तिनं परत दाबलं, परत उचलला. मग ती दाबतच राहिली, सोडतच राहिली, आणि दिवा जात राहिला, येत राहिला. तिच्या अंगठ्याच्या चिरेतनं थोडं रक्त आलं तरी ती थांबली नाही.

"पुरे की," किशोर म्हणाला.

"आधी दिवा जातो," ती म्हणाली. "मग गाडी."

किशोरनं ब्लेडनं वायर सोलली. आतल्या तारा तुटून नुसत्या एकमेकींना टेकून होत्या. त्यानं त्या पिळून जोडल्या, वर टेप गुंडाळली आणि वायर बाजूला सरकवून बांधली. रबरांच्या जागी जुन्या टायरट्यूबचे तुकडे कापून बसवले. सीट घट्ट केली. संध्या मागं बसली. गाडी खाचेतनं गेली, आली, परत गेली. संध्यानं सीटवर मुद्दाम उड्या मारल्या. काही झालं नाही.

*

दुसऱ्या दिवशी बस मिळाली. बस यायच्या आधीच ती हायवेवर उभी होती. कंपनीत गेली तेव्हा तिच्या पट्ट्याशी सिन्नरकडची एक नवी मुलगी बसलेली होती.

उज्वला मॅडमनी तिला बाजूला घेतलं. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "मी तुझंच नाव पुढं केलं होतं गं. साहेब म्हणाले, रोज येणारी द्या. आता पुढच्या खेपेला बघू, होळीच्या आसपास. तोवर तू पॅकिंगला बस."

"बरं," संध्या म्हणाली.

"काय झालं होतं गाडीला एवढं?"

"वायर दबत होती. सीटखालची."

"एवढंच?"

"एवढंच."

दिवसभर तिनं खोक्यांना चिकटपट्टी लावली. संध्याकाळी बसमधनं उतरली तेव्हा किशोर हायवेवर उभा होता, अंघोळ करून, केस विंचरून. वाटेत त्यानं गाडी कुंदनकडं थांबवली, पक्कं काम करून घ्यायला. कुंदननं टेप सोडून वायर पाहिली, नवा तुकडा जोडला आणि म्हणाला, "मला शंका होतीच वायरिंगची. बोललो नव्हतो का मी?" तो हे किशोरला म्हणाला. किशोरनं "हां, हां," म्हणून मान हलवली.

संध्या पिशवी घेऊन मागं बसली.

घोटी मागं पडली, खिंडीचा चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना सोंगलेली खाचरं पिवळी पडली होती आणि ऊन उतरायला लागलं होतं. गाडी एका लयीत चढत होती. किशोर खुशीत होता. "आईनं सकाळी रंगूबाईला सांगितलं," तो मागं मान वळवून म्हणाला, "वायर तुटली होती म्हनून. म्हनली, माझ्या लेकानं शोधून काढली." तो हसला. "तिचं काय मनावर घेऊ नको."

"नाय घेत," संध्या म्हणाली. मग म्हणाली, "एक सांगा. गाडी बंद पडायची तवा तुमी मागं वळून माझ्याकडं बघायचे. काय बघायचे?"

"कुठं काय."

"बघायचे."

किशोर पुढं बघत राहिला. गिअर बदलायची गरज नव्हती, तरी त्यानं तो बदलला.

"तुमालाबी वाटायचं ना? आत्याबाई म्हनायच्या ते?"

"आता संपलं ना ते."

"वाटायचं का?"

"रोजच तसं व्हायचं," तो शेवटी म्हणाला. "मी एकटा असलो की चालायची. तू बसली की मरायची. मानसाला वाटनारच ना थोडं."

"थांबवा गाडी."

"का? काय झालं?"

"थांबवा."

त्यानं कडेला घेतली. संध्या उतरली, पिशवी काखेत मारली आणि चढ चालायला लागली. किशोर तसाच गाडीवर बसून तिच्या पाठीकडं बघत राहिला. मग पहिल्या गिअरमध्ये, क्लच धरत, तो तिच्या बाजूनं हळूहळू यायला लागला.

"संध्या, बस की."

ती चालत होती.

"म्या आईला बोलनार होतो."

"कवा?"

इंजिन तापून गुरगुरत होतं, क्लचचा वास यायला लागला. "चूक झाली," तो म्हणाला. "बस आता. लोक बघतील."

"बघू द्या. तुमी व्हा पुढं. तुमी एकटे असला की चांगली चालती ती."

किशोर पुढं गेला नाही. थोडं अंतर तो तसाच रखडत आला. मग त्यानं किल्ली फिरवून गाडी बंद केली, खाली उतरला आणि हँडल धरून ढकलायला लागला. चढ उभा होता. त्याचा धुतलेला शर्ट पाठीला चिकटला, श्वास लागला. संध्या त्याच्यापेक्षा थोडी पुढं, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालत होती. तिनं पावलं वाढवली नाहीत आणि कमीही केली नाहीत.

मागनं पेंढ्यानं भरलेला पिकअप आला. धनराज चालवत होता. त्यानं वेग कमी केला आणि खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

"काय रे किशोर? परत बंद पडली का?"

किशोर थांबला. त्यानं एकदा पुढं, बायकोकडं पाहिलं. मग धनराजकडं पाहिलं आणि बाहीनं तोंडावरचा घाम पुसला.

"नाय," तो म्हणाला. "गाडी चांगली हाय."